दिवस राहिले आणि मनाच्या गोळ्या चालू आहेत: निर्णय कसा घ्यायचा

चाचणीवर दोन रेघा उमटल्या की अनेक जणी त्याच रात्रीपासून गोळी बंद करतात. बाळाला काही होऊ नये म्हणून उचललेलं हे पाऊल समजण्यासारखं आहे, पण बहुतेक वेळा सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. मानसिक आजाराची बहुतांश औषधं गरोदरपणात योग्य देखरेखीखाली चालू ठेवता येतात. काही बदलावी लागतात. एखाददुसरं शक्यतो टाळावंच लागतं. आपली गोळी यांपैकी कोणत्या गटातली, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं असतं. ते ठरेपर्यंत रोजचा डोस नेहमीच्या वेळी घ्यायचा.

पहिले दोन दिवस

मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा आणि याच आठवड्यातली वेळ मागा. फोनवर तीन गोष्टी सांगा: औषधाचं नाव आणि डोस, शेवटच्या पाळीची तारीख, आणि सध्या तब्येत कशी आहे. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं आणि मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध चालू असेल (गोळीच्या पट्टीवर सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असं लिहिलेलं असतं), तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी बोला. तेही स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिट येणाऱ्या व्यक्तीने ते अचानक थांबवलं तर सलग फिट येऊ शकतात, आणि त्या आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतात.

अचानक थांबवल्यावर काय होतं, हे औषधागणिक वेगळं आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात. त्यामुळे दोन-तीन दिवसांतच गरगरणं, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारख्या झिणझिण्या सुरू होतात. यातली निम्मी लक्षणं पहिल्या महिन्यांतल्या उलट्या-मळमळीत मिसळून जातात आणि खरं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. फ्लुऑक्सेटिन अनेक आठवडे शरीरात रेंगाळतं. म्हणून 'बंद केलं तरी काही झालं नाही' असं वाटतं आणि आजार महिन्या-दीड महिन्याने परततो. लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्या बरेच दिवस रोज घेऊन एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. लिथियम एकदम थांबवलं की बायपोलरचा (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल नैराश्यात जाण्याच्या आजाराचा) झटका परतण्याची शक्यता हळूहळू कमी करण्यापेक्षा बरीच वाढते. बायपोलरवरच दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिनचा प्रश्न निराळा आहे. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर जुन्या डोसवर थेट परत जाता येत नाही. अंगावर गंभीर स्वरूपाचं पुरळ येण्याचा धोका असतो, म्हणून छोट्या डोसपासून पुन्हा चढत जावं लागतं. त्यात कित्येक आठवडे जातात, आणि तेवढा काळ आजारापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही.

पारड्यांत काय काय टाकायचं

'औषध घेतलं तर धोका, नाही घेतलं तर सुरक्षित' अशी मांडणी मनातून काढून टाका. एका बाजूला औषधाचा धोका असतो आणि दुसऱ्या बाजूला आजाराचा. आजारही बाळापर्यंत पोचतो. उपचार न केलेल्या गंभीर नैराश्यात झोप आणि जेवण बिघडतं, तपासण्या चुकतात, व्यसन वाढतं. बाळ वेळेआधी येण्याचं आणि वजन कमी भरण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. आत्महत्येचा धोका तर सरळ आईच्या जिवाचा आहे.

आकडे वाचताना आधी पायाचा आकडा धरा. कोणतंही औषध न घेणाऱ्या आयांच्या १०० बाळांपैकी साधारण ३ बाळांत मोठा जन्मदोष आढळतो. प्रत्येक औषधाची तुलना या ३ शी करायची, शून्याशी नाही. 'धोका दीडपट' असं वाचलं की लगेच विचारा, कशाच्या दीडपट? उदाहरणार्थ, गरोदरपणाच्या उत्तरार्धात एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवरची, सर्ट्रालिनसारखी) गोळी घेतली तर जन्मल्यावर बाळाच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढा राहण्याची शक्यता वाढते. आकड्यांत सांगायचं तर हजारात सुमारे २ बाळांऐवजी सुमारे ३. दीडपट हे खरंच आहे, आणि ९९७ बाळांना तो त्रास होत नाही हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या पारड्यातले आकडे मोठे असतात, पण ते फारसे सांगितले जात नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वारंवार नैराश्य आलेल्या गरोदर स्त्रिया होत्या. औषध थांबवलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांचा आजार परतला, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के स्त्रियांचा. बायपोलरवरच्या २००७ च्या अभ्यासात हेच प्रमाण सुमारे ८६ आणि ३७ टक्के होतं. या अभ्यासांतल्या स्त्रियांचा आजार बऱ्यापैकी गंभीर होता. सौम्य आजारात फरक एवढा मोठा नसतो, आणि नंतरच्या एका पाहणीत तो स्पष्ट दिसलाही नाही. म्हणून हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. स्वतःचा इतिहास त्यांहून जास्त उपयोगी पडतो.

एक पान लिहून काढा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी शांतपणे बसून एक पान लिहा. आजारी असताना जवळ असलेली व्यक्तीही सोबत असू द्या, कारण त्या काळातलं आपल्याला सगळं आठवत नाही. पानावर पुढच्या गोष्टी हव्यात:

- आजाराचे किती झटके आले, कोणत्या वर्षी, प्रत्येक किती दिवस टिकला
- सगळ्यात वाईट झटक्यात काय झालं: दाखल व्हावं लागलं का, जीव द्यायचा प्रयत्न झाला का, भास झाले का
- यापूर्वी औषध कमी केलं किंवा थांबवलं तेव्हा काय झालं, आणि किती आठवड्यांत
- कोणती औषधं घेऊन झाली, किती डोसपर्यंत, कोणतं लागू पडलं, कोणतं का सोडलं
- आता सलग किती महिने बरं आहे
- आधीच्या बाळंतपणात आणि नंतर मन कसं होतं; आई किंवा बहिणीला बाळंतपणात वेड लागल्याचा इतिहास आहे का

यातली तिसरी ओळ सगळ्यात मोलाची. मागच्या दोन्ही वेळा गोळी थांबवल्यावर सहा-आठ आठवड्यांत अंथरूण धरलं असेल, तर यावेळी वेगळं घडेल असं मानायला आधार नाही. उलट, आयुष्यात एकदाच सौम्य नैराश्य आलं, वर्षाहून जास्त काळ पूर्ण बरं आहे, समुपदेशनाचा गुण येतो आणि घरात आधार आहे, अशा स्त्रीला औषध हळूहळू कमी करून पाहायला वाव असतो. शक्य असेल तर हे दिवस राहण्याच्या आधी करावं, आणि गोळी पूर्ण थांबल्यावर काही महिने तब्येत टिकते का ते पाहून मगच मुलाचा विचार करावा. बायपोलर, स्किझोफ्रेनिया, पुन्हा पुन्हा येणारं तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचा प्रयत्न यांपैकी काही पानावर असेल, तर चर्चा 'घ्यायचं की नाही' इथून सुरू न होता 'कोणतं आणि किती' इथून सुरू व्हायला हवी.

औषधागणिक

व्हॅल्प्रोएट हे मनाच्या औषधांतलं गरोदरपणासाठी सगळ्यात घातक औषध. ते घेणाऱ्या आयांच्या १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत मोठा जन्मदोष आढळतो. शिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांना बोलणं, शिकणं, लक्ष देणं यांत अडचणी येतात. पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहा आठवड्यांच्या आसपास. पाळी चुकल्याचं कळून डॉक्टर गाठेपर्यंत ती वेळ बऱ्याचदा निघून गेलेली असते. म्हणूनच मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला दुसरा पर्याय असताना हे औषध देऊ नये आणि द्यावंच लागलं तर खात्रीचं गर्भनिरोधक सोबत असावं, असा नियम आहे. बाळाचे वडील हे औषध घेत असतील तर तेही सांगा. २०२४ पासून युरोपच्या औषध नियामकाने पुरुषांसाठीही खबरदारीची सूचना दिली आहे. कार्बामाझेपिनचा धोका याहून कमी आहे, तरी नळीच्या दोषांचा प्रश्न तिथेही आहे.

लिथियमबद्दलची भीती जुन्या आकड्यांवर पोसलेली आहे. हृदयाच्या एका दुर्मीळ दोषाची शक्यता पूर्वी शेकडो पटींनी वाढते असं सांगितलं जाई. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात लिथियम घेतलेल्यांच्या १०० बाळांपैकी सुमारे २.४ बाळांत हृदयाचे दोष दिसले, न घेतलेल्यांत सुमारे १.२. धोका डोसवर अवलंबून होता: दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत फारच थोडा, ९०० च्या वर सुमारे तिप्पट. ज्या स्त्रीचा बायपोलर लिथियमवरच ताब्यात राहतो, तिच्यासाठी हा स्वीकारता येण्याजोगा धोका असू शकतो, पण रक्ततपासणीत कसूर चालत नाही. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात आणि लिथियम लघवीवाटे वाहून जातं. म्हणून ३४ व्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी आणि पुढे दर आठवड्याला पातळी पाहतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा दिशाभूल करतो. उलट्या, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की पातळी एकदम चढते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ती चढते.

लॅमोट्रिजिन जन्मदोषांच्या बाबतीत बरंच निर्धोक मानलं जातं. यात अडचण उलटी आहे. इस्ट्रोजेन वाढल्याने यकृत ते भराभर निपटून टाकतं आणि रक्तातली पातळी निम्म्यावर किंवा त्याखाली येऊ शकते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत छान असलेली तब्येत पाचव्या महिन्यात ढासळली तर 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी पातळी तपासावी. बाळंतपणानंतर गाडी उलटी फिरते: वाढवलेला डोस दोन-तीन आठवड्यांत खाली आणावा लागतो, नाहीतर गरगरणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं. हा उतरता तक्ता बाळंतपणाआधीच लिहून घ्या.

नैराश्य, चिंता आणि ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती टाळता न येण्याचा आजार) यांवरच्या एसएसआरआय गोळ्यांत सर्ट्रालिनचा अनुभव भरपूर आहे, म्हणून नव्याने सुरू करताना बहुधा तीच निवडतात. पॅरॉक्सेटिनने पहिल्या तिमाहीत हृदयाच्या दोषांचा किंचित वाढीव धोका नोंदला गेला आहे. दिवस राहण्याआधी वेळ असेल तर ते बदलतात, पण आधीच दिवस राहिलेले असतील आणि तेच एक लागू पडत असेल, तर घाईने बदलण्यात अर्थ नसतो. शेवटच्या महिन्यांत या गोळ्या घेतलेल्या आयांच्या दहापैकी तीनेक बाळांना जन्मल्यावर थरथर, चिडचिड, दूध ओढायला त्रास किंवा जलद श्वास असं काही दिसतं. बहुतेकांत ते सौम्य असतं आणि काही दिवसांत ते दोन आठवड्यांत निवळतं. ते टाळायला आठव्या-नवव्या महिन्यात गोळी कमी करण्याची पद्धत आहे. तिचा बाळाला फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि आई नेमकी सगळ्यात नाजूक वेळी औषधाच्या संरक्षणाविना राहते. स्वमग्नतेबद्दलच्या (ऑटिझमच्या) बातम्याही कानावर येतात. सुरुवातीच्या अभ्यासांत संबंध दिसला होता खरा. पण एकाच आईच्या, गोळी चालू असताना आणि नसताना झालेल्या मुलांची तुलना केल्यावर तो बहुतांशी विरला.

भास, संशय आणि बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या ओलान्झापिन व क्वेटियापिनने जन्मदोष लक्षणीय वाढल्याचं दिसलेलं नाही. वजन आणि साखर मात्र वाढते, म्हणून २४ ते २८ आठवड्यांच्या नेहमीच्या साखर तपासणीआधी एक लवकरची तपासणीही करून घ्यावी. क्वेटियापिन आणि अरिपिप्राझोल यांची रक्तातली पातळी शेवटच्या तिमाहीत निम्म्याहून खाली जाऊ शकते. रिस्पेरिडोनने पाळी अनियमित होते. ते बदलून दुसरं दिलं की पाळी सुरळीत होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात, हे बदल करण्यापूर्वीच सांगितलेलं बरं. भास-संशयावरचंच क्लोझापिन घेणाऱ्या स्त्रीने गरोदरपणात एकदम सिगारेट सोडली तर औषधाची पातळी चढते. सिगारेट सोडावीच, पण डॉक्टरांना आधी सांगून.

झोपेच्या आणि घबराटीच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या अधूनमधून एखादी घेणं आणि रोज घेणं यांत फरक आहे. बाळंतपणाच्या तोंडावर रोज घेतल्या तर बाळ मलूल, ढिलं जन्मू शकतं किंवा त्याला औषध तुटल्याचा त्रास होतो. डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात.

घोळ कुठे होतो

भीतीपोटी डोस निम्मा करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. निम्म्या डोसात आजार आवरत नाही आणि औषध बाळापर्यंत जातंच. म्हणजे दोन्ही धोके पदरात. चालू ठेवायचं ठरलं तर पुरेसा डोस घ्यायचा. शरीरातलं पाणी वाढल्यामुळे आणि यकृत-मूत्रपिंडांचा वेग बदलल्यामुळे तो कधीकधी वाढवावाही लागतो.

दुसरी चूक आठव्या-दहाव्या आठवड्यात 'जास्त सुरक्षित' गोळीवर उडी मारण्याची. बाळाचे अवयव बनण्याचा बराचसा काळ तोवर जुन्या औषधावर उलटलेला असतो. नवीन लागू पडेलच असं नाही, आणि बाळाचा संबंध एकाऐवजी दोन औषधांशी येतो. व्हॅल्प्रोएट सोडलं तर अशी घाई क्वचितच फायद्याची ठरते.

जुन्या तक्त्यांतली ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरंही सोडून द्या. अमेरिकेने ती २०१५ पासून नव्या औषधांच्या माहितीपत्रकातून हटवली, कारण त्यांतून धोक्याची पातळी नीट कळत नव्हती. 'सी' म्हणजे अनेकदा फक्त एवढंच की माणसांतली माहिती पुरेशी नव्हती. वनस्पतिजन्य गोळ्या आपोआप निर्धोक होत नाहीत. त्यांची गरोदरपणातली तपासणी तर बहुधा झालेलीच नसते.

आणि दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. मानसोपचारतज्ज्ञ 'चालू ठेवा' म्हणतात आणि प्रसूतितज्ज्ञ 'बंद करा'. मधल्या मध्ये निरोप्या होऊ नका. दोघांना एकमेकांशी बोलायला सांगा आणि ठरलेलं एका चिठ्ठीवर लिहून दोन्ही फायलींत लावा. उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा ओन्डान्सेट्रॉन देताना प्रसूतितज्ज्ञांना मनाच्या गोळ्या माहीत असणं गरजेचं आहे. पहिल्याने स्नायू आखडण्याचा त्रास वाढू शकतो, तर सिटॅलोप्रामसारख्या काही गोळ्यांबरोबर दुसऱ्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

चालू ठेवायचं ठरल्यावर

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिनसारखी फिटवरही दिली जाणारी औषधं चालू असतील तर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. तिने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही. जन्मदोष पाहणारी सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होते. लिथियम घेत असाल तर त्याच सुमारास बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी मागून घ्या.

मनाची तपासणीही तारखेवर लावा. नैराश्याची लक्षणं तपासणारी, १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची, ३० गुणांची आहे आणि भरायला पाच मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा भरा. १३ किंवा जास्त गुण आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी बोला.

बाळंतपण आणि पुढचे पंधरा दिवस

नवजात बाळांचे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय निवडा आणि औषधांची यादी आधीच देऊन ठेवा. बाळावर किमान दोन दिवस नजर ठेवायला सांगा. लिथियम चालू असेल तर कळा सुरू झाल्यावर ते किती वेळ थांबवायचं, पातळी कधी पाहायची आणि कोणत्या डोसवर परत सुरू करायचं, हे लेखी हवं. बाळंतपणानंतर मूत्रपिंडं पूर्ववत होतात आणि गरोदरपणातला वाढीव डोस काही दिवसांत विषारी ठरू शकतो.

अंगावर पाजण्याचा निर्णयही आधीच घ्या. सर्ट्रालिन दुधात फारच थोडं उतरतं. लिथियम आणि क्लोझापिनवर असताना सहसा पाजू नये असा सल्ला असतो. पावडरचं दूध द्यावं लागलं तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

बायपोलर असलेल्या स्त्रीसाठी झोप हीसुद्धा औषधाइतकीच गरज आहे. रात्री सलग पाच-सहा तास झोप मिळेल अशी पाळी घरातल्यांत आधीच लावून ठेवा. त्या वेळात बाळाला दूध कोण पाजणार, हे नावानिशी ठरवा. बाळंतपणातलं वेड हजारात एक-दोन स्त्रियांना होतं, पण तीव्र बायपोलर असेल तर पाचात एकीला, आणि आधी एकदा झालं असेल तर दोनात एकीला. ते बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, झपाट्याने सुरू होतं. झोप न लागणं आणि तरीही थकवा नसणं, भराभर बोलणं, गोंधळणं, बाळाबद्दल विचित्र खात्री वाटणं, भास होणं ही त्याची चिन्हं. आजारी स्त्रीला स्वतःला ते कळत नाही, म्हणून ही यादी घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही: बाळाला दुसऱ्याकडे द्यायचं, बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही आणि तिला तडक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं.